एका बाहीचा कोट

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि अंजना घरी गेलीच नाही. खडूचे हात पदराला पुसत ती भोरच्या स्टँडवर आली. पुण्याची गाडी लागलेलीच होती. चढली, खिडकीशी बसली. उठली, दारापाशी बसली. तिथूनही उठली.

"बाई, बसा की एका जागी," कंडक्टर म्हणाला. "तुमी उठल्यानं गाडी सुटायची न्हाई. डायवर च्या पितोय."

बसली. पण बूड टेकलं म्हणजे माणूस बसतंच असं नाही.

हकिकत अशी होती. भोरच्या हायस्कुलात संध्याकाळी कायद्याचा वर्ग भरायचा. दिवसा पोरं जिथं पाढे घोकायची, त्याच बुटक्या बाकांवर दिवेलागणीला मोठी माणसं गुडघे आखडून बसायची आणि पुण्याहून आलेले वकील त्यांना करार म्हणजे काय ते सांगायचे. वर्ग सुरू झाला तेव्हा वीस जणांनी नाव घातलं होतं. आता तिसरं वर्ष होतं आणि उरले होते नऊ. सोमवारी विद्यापीठाची समिती येणार होती. निम्मे टिकलेले दिसले तर वर्ग राहणार, नाहीतर बंद. मग उरलेल्यांनी पुण्याला जाऊन काय ते पुरं करावं.

बाकीच्या आठ जणांना पुणं जमत होतं. कुणाचा मामा होता, कुणाची खोली होती. अंजनाला जमत नव्हतं. ती भोरात मास्तरीण होती. पुण्यातला वर्ग सकाळचा, तिची शाळाही सकाळची. नोकरी आणि वकिली, दोन्हींचा हात धरून उभं राहता येईल अशी एकच जागा तिला ठाऊक होती, आणि ती सोमवारी जाणार होती.

एक माणूस कमी होता. एकच.

संस्थेचे चिटणीस आनंदराव म्हणाले होते, "एवढंच ना? माझा मेव्हणा बसवतो मागच्या बाकावर. दिसायला भारदस्त आहे."

"समिती त्यांना कायद्यातलं विचारेल, साहेब."

"तो उत्तर देत नाही कधी. घरीसुद्धा."

गेलेल्या अकरा जणांच्या नावांपुढे आनंदरावांनी एकच कारण लिहून ठेवलं होतं: घरगुती. अकरा घरांत एकदम काय झालं होतं? पटकी आली होती की काय? अंजनाला ते लागून राहिलं. चौघं मुंबईला गेले, एक तलाठी झाला, एक फौजदार. आणखी तिघांचे पत्तेच लागेनात. हाताशी राहिले दोघं. शिवऱ्याचा सोपान आणि मार्गासनीचा ज्ञानू. दोघंही हुशार, म्हणून तर जास्त चीड येत होती.

गाडी सुटली.

पुराव्याचा कायदा शिकल्यापासून अंजनाला एक खोड लागली होती. एकटी असली की ती स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची.

प्रश्न — तू त्यांच्यासाठी चालली आहेस की स्वतःसाठी?

उत्तर — स्वतःसाठी.

प्रश्न — हे त्यांना सांगणार का?

उत्तर — विचारलं तर.

प्रश्न — आणि नाही विचारलं तर?

उत्तर —

कापूरहोळ आलं. कुणीतरी कोंबड्यांची पाटी तिच्या पायावर ठेवली. उत्तर राहून गेलं.

*

शिवऱ्याला हमरस्त्याच्या कडेला चहाची टपरी, टपरीला लागून पत्र्याची खोली, खोलीच्या दारावर पाटी: सोपानराव, कायद्याची सर्व कामे. आत टेबल, टेबलामागं सोपान. उन्हानं पत्रा कडकडत होता आणि सोपानच्या अंगात काळा कोट होता. सगळी बटणं लावलेली. घाम कानशिलावरून कॉलरीत उतरत होता.

समोर दोघं भांडत होते. एक बैलगाडीवाला, एक ट्रकचा क्लीनर. ट्रकनं गाडीचं चाक खरवडलं होतं.

"ऐका," सोपान म्हणाला. "खटला केला तर तुझा बैल म्हातारा होईल आन ह्याच्या ट्रकाला गंज चढंल. चाक सुताराकडं जाऊ दे, ह्यो पैसे देईल, आन च्या तू पाजशील. झालं?"

"झालं, वकीलसाहेब," दोघंही म्हणाले, आणि खरंच गेले.

मग त्याला अंजना दिसली. तो उठला, पण खुर्चीवरून पुरता उठला नाही. मध्येच थांबला.

"अंजनाबाई! इकडं कुठं?"

"तुम्हाला न्यायला आलेय." तिनं सोमवारचं सगळं सांगितलं. "बसायचं, हजेरीला ओ द्यायची, आणि मग नेमानं यायचं. पहिलं वर्ष तुम्ही पास आहात. सोडलंत कशाला?"

"सोडलं कुठं? पुढं आलो की. हितं बगा," त्यानं हात फिरवला, "लोकं वकीलसाहेब म्हणत्यात. भावकीचे तंटे हितंच मिटत्यात. मग आजून काय व्हायला बाकावर बसू?"

"वकील व्हायला."

सोपान हसला. टपरीवाल्याकडं बघून त्यानं आवाज उतरवला. "बाई, तुमी शानी मानसं. इचार करा. उद्या म्या पिशवी घिऊन वर्गाला निघालो, तर हा टपरीवाला काय म्हनंल? म्हनंल, साहेब आजून शिकतोय. म्हंजे हे दोन साल हितं कोन बसला हुता? तो चाकवाला उद्या चाक परत आनून टाकंल माज्या टेबलावर."

"कोट कुणी दिला तुम्हाला?"

"गावानं. वर्गनी काढून शिवला. आडमिशन झालं त्या आठवड्यात सत्कार झाला. फेटा, नारळ, कोट. हालग्या वाजवल्या." त्याचा हात कोटाच्या छातीवरून फिरला. मग त्यानं वरचं बटण उघडायला घेतलं, पुन्हा लावलं. "काडता येत न्हाई आता ह्यो."

"उकडत नाही?"

"लई," सोपान म्हणाला.

चहा पिऊन जा म्हणाला. ती उभ्यानं प्यायली, जीभ पोळली, निघाली.

*

मार्गासनीच्या रस्त्याला वेल्ह्याची गाडी मिळाली ती नशिबानं. ज्ञानूचं घर ओढ्याच्या वर होतं. अंगणात त्याची आई, चंद्राबाई, भात पाखडत होती. अंजनाला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"ज्ञानू आहेत का?"

"वर्गाला गेलाय की. भोरला. दुपारच्या गाडीनं जातो त्यो रोज."

ज्ञानूनं वर्गात शेवटचं पाऊल टाकून दीड वर्ष झालं होतं. पहिल्या वर्षाला कराराच्या पेपरात गेला आणि त्यानंतर दिसलाच नाही.

"तुमी?"

"मी... त्याच वर्गातली."

"मंग तुमी वर्गात न्हाई ते?" म्हातारी बघत राहिली. नजर सुईसारखी. "कुनाच्या तुमी?"

"रखमाजींची. भोरच्या कोर्टात पुकारा करतात ते."

चंद्राबाई रखमाजीला ओळखत होती. जमिनीच्या दाव्यात त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव तीनदा पुकारलं होतं, तेव्हापासून. वस्ती कुठली तेही ओळखत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, देताना तिचा हात मध्येच जरासा थबकला, मग तिनं तांब्या सरळ अंजनाच्या हातातच दिला. अंजना प्याली.

"येक इचारू का वं बाई?" चंद्राबाई म्हणाली. "वर्गात कोंडा आसतो का?"

"कसला कोंडा?"

"भाताचा. त्याचा कोट धुते म्या. खिशातनी कोंडा निघतो, अस्तरात कोंडा, बाह्यांत कोंडा. म्या म्हनलं, वर्गाची जागा आसंल गिरनीजवळ."

अंजनानं तांब्या खाली ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

"कोट गावानं दिला ना?"

"तर! नाव घातलं तवाच. बैलगाडीतनं मिरवला, म्हाराजावानी. ह्या खोऱ्यातला पयला वकील. सगळ्यांनी वळकून ठिवलाय, कुनी पोरगी द्यायला येतं, कुनी बांदाचं भांडान घिऊन येतं." ती आत गेली आणि फडक्यात बांधलेला डबा घेऊन आली. "आज इसरून गेला. वर्गात न्या. न्हाईतर..." तिनं गाठ पुन्हा आवळली. "जितं आसंल तितं द्या. त्यो कुटं आसतो ते मला ठावं न्हाई आसं ठरवलंय म्या."

*

गाडीत डबा मांडीवर, डब्याची ऊब पोटाला, आणि

प्रश्न — ज्यांना कोट मिळाला ते गेले. बरोबर?

उत्तर — सोपान आणि ज्ञानू. दोघांवरून सिद्ध होत नाही.

प्रश्न — बाकीचे आठव. तलाठी झाला त्याचा सत्कार?

उत्तर — झाला होता. पेढे आले होते वर्गात.

प्रश्न — फौजदार?

उत्तर — त्याला तर घोड्यावर बसवला होता.

प्रश्न — आणि टिकलेले नऊ?

इथं अंजना बाकावरून उठलीच. शेजारची बाई दचकली. टिकलेले नऊ! वाण्याचा मुलगा, त्याचा बाप म्हणाला होता, आधी पास हो मग दुकानाला तोरण बांधू. पोस्टातला कारकून, त्यानं साहेबाच्या भीतीनं कुणाला सांगितलंच नव्हतं. एक जण तर सासरवाडीला कळू नये म्हणून पुस्तकाला पोथीचं कव्हर घालायचा. आणि ती स्वतः. रखमाजीनं वस्तीत तोंड उघडलं नव्हतं. पोरगी नापास झाली तर लोक हसतील म्हणून.

त्या नऊ जणांपैकी एकाच्याही गळ्यात हार पडला नव्हता. वेशीवरच ज्यांना मुक्कामाचा हार घातला त्यांनी पुढं चालायचं कशाला? आणि ठेचकाळलेल्यानं मागं तरी कसं यायचं? बैलगाडीतून मिरवलेल्या माणसाला नापास व्हायची सोयच नव्हती.

"बाई, बसता का उतरता?" कंडक्टर ओरडला.

उतरली. नसरापूर होतं, त्या रस्त्यावर भाताची गिरणी असलेलं एकच गाव.

*

गिरणी शोधावी लागली नाही, आवाजानं बोलावलं. आत धुरळा. धुरळ्यात बनियनवर एक माणूस पोतं उलटं करत होता. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, वय पंचविशीचं. आणि भिंतीवर खुंटीला काळा कोट, वर जुनं धोतर पांघरलेलं.

"ज्ञानू."

त्यानं ऐकलं नाही. तिनं डबा वर धरला. डबा मात्र त्याला लगेच दिसला.

बाहेर चिंचेखाली आले तेव्हा त्यानं आधी गिरणीच्या दाराकडं वळून बघितलं. मग एकदम: "घरी गेलावता? काय बोललात?"

"काही नाही."

"खरं?"

"त्याच बोलल्या. तुझ्या कोटात कोंडा सापडतो म्हणाल्या."

ज्ञानूनं कपाळावरची पांढरी भुकटी पुसली. ती आणखीनच पसरली. "रोज झटकून घालतो वं मी."

"अस्तरात शिरतो."

तो खाली बसला. डबा उघडला नाही. "गाडीनं यायचं, हितं कोट काडायचा, काम करायचं, रातच्या गाडीला कोट घालायचा. गावात उतरलं की लोकं रामराम घालत्यात. कुनीतरी कागद पुडं करतं. मी म्हनतो, अभ्यास करून सांगतो. मग रातभर त्यो कागद वाचीत ऱ्हातो... जाऊ द्या. एका पेपरात गेलो बाई. एका! परत दिला असता, झाला असतो पास. पन परत द्यायचा म्हंजे पयलं सांगायला नगं का, की गेलो?"

"नको सांगूस सगळ्यांना. मास्तरांना सांग, आईला सांग."

"आईला..."

"आईला माहीत आहे, ज्ञानू."

गिरणीतून मालकाची हाक आली. तो उठला नाही.

"तुमी कशापायी आलाव एवढं?"

आता त्यानं विचारलं होतं. "माझ्यासाठी," अंजना म्हणाली. "एक माणूस कमी आहे. तू आलास तर वर्ग राहतो आणि मी वकील होते. नाही आलास तर मी मास्तरीण. तू बुडालायस म्हणून नाही आले मी."

ज्ञानू पहिल्यांदा हसला. दात तेवढे पिवळसर दिसले, बाकी सगळा पांढरा. "बरं झालं सांगितलंत. गावातलं कुनीबी आलं की माज्यासाठीच आल्यालं आसतं." मग गंभीर झाला. "बगतो."

"बघतो म्हणजे?"

"बगतो म्हंजे बगतो. पोटकलमं पाडू नगा आता त्याची."

*

घरी पोचली तेव्हा दिवा लागला होता आणि दारात चपला होत्या. इतक्या चपला त्यांच्या दारात फक्त लग्नाला किंवा मौतीला. आत शिरली तर सगळे हसत होते. आई, फुलाबाई, नवं लुगडं नेसलेली. बाप पाटावर. आणि दोरीवर, खुंटीपासून खुंटीपर्यंत बांधलेल्या दोरीवर, काळा कोट.

"ये गं ये!" रखमाजी म्हणाला. "सोमवारी सायब लोकं येनार. म्या वस्तीला सांगूनच टाकलं. किती दिस पोटात ठिवायचं? दोन वरीस पास झाली पोर. वर्गनी निघाली, कोट शिवला. उद्या विहारात सत्कार."

"मापाला तुजं जुनं पोलकं दिलं," फुलाबाई म्हणाली. "घालून बग."

अंजना दोन पावलं मागं सरकली. उंबरा टाचेला लागला.

"उद्या नको, बाबा."

"का?"

"अजून एक वर्ष आहे."

"ते व्हईल की."

"नाही होणार," ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "हा कोट अंगात घातला तर नाही होणार. मी आज दोन कोट बघून आलेय. एकाला तो काढता येत नाही आणि दुसरा लपवून लपवून मेटाकुटीला आलाय."

रखमाजी उठला. तो उंच माणूस होता, आवाज कोर्टाच्या व्हरांड्यातून बाजारपेठेपर्यंत जायचा. आत्ता मात्र हळू बोलला. "पोरी, जलमभर दाराबाहेर उबा ऱ्हाऊन दुसऱ्यांची नावं पुकारली म्या. काळं कोट माज्या अंगाला घासून आत गेले. कुनी बगितलंबी न्हाई. आज पयल्यांदा एक कोट माज्या दोरीवर हाय. आन तू म्हनतीस, नगं?"

अंजनानं इकडंतिकडं बघितलं. फळीवर बापाचं दाढीचं पातं होतं. ते घेतलं, दोरीजवळ गेली, कोट उतरवला.

"अगं अगं!" फुलाबाई ओरडली.

कुणी अडवायच्या आत तिनं उजव्या खांद्याची शिवण धरली आणि टाका टाका उसवत गेली. भर्र नाही, सावकाश. कापड कुठं दुखावलं नाही. बाही सुटून हातात आली तशी तिनं ती घडी घालून आईच्या मांडीवर ठेवली आणि एका बाहीचा कोट पुन्हा दोरीवर टांगला.

"दोरीवर राहू दे, बाबा. रोज बघा. आलेल्या-गेलेल्याला दाखवा. फक्त घालता येणार नाही. पास झाले की आई बाही लावील, मग सत्कार करा, हत्ती आणा."

मग पाटाशेजारची अक्काबाई, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, कोटाकडं मान वाकडी करून बघत म्हणाली, "आन लोकांनी इचारलं तर काय सांगायचं गं?"

"सांगा, एक बाही बाकी आहे."

रखमाजी बराच वेळ कोटापुढं उभा राहिला. जेवला नाही. पण बाही लावायलाही सांगितली नाही.

*

सोमवार. समितीचे तिघं आले, हायस्कुलाच्या बुटक्या बाकांकडं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आनंदरावांनी हारांची टोपली झाकून कोपऱ्यात ठेवली होती. शेजारी मेव्हणा, भारदस्त, गप्प.

"इतके विद्यार्थी गेले कशामुळे?" अध्यक्षांनी विचारलं.

"घरगुती," आनंदराव म्हणाले.

"सत्कारामुळे," अंजना म्हणाली.

तिघंही हसले. विनोद वाटला त्यांना. एकानं हसता हसता लिहूनही घेतलं, काय लिहिलं कुणास ठाऊक. तिला आणखी सांगायचं होतं, पण हजेरी सुरू झाली होती. एकेक नाव, एकेक हजर. नऊ झाले. मेव्हण्यानं घसा खाकरला. अंजनाचं एक पाऊल बाकाबाहेर, एक आत. दाराकडं बघू नये असं ठरवून ती दाराकडंच बघत होती.

"ज्ञानू मारुती—"

कुणी नाही.

"ज्ञानू मारुती?"

तिला वाटलं, बाबांनी पुकारायला हवं होतं. वेल्ह्यापर्यंत गेलं असतं. अध्यक्षांनी पेन टेकवलं. "गैर—"

"हजर! हजर! गाडी पंचर झाली," दारातून आवाज आला आणि मागून ज्ञानू. साधा सदरा, केसांत कोंडा, अंगात कोट नाही. तो धापा टाकत अंजनाच्या मागच्या बाकावर कोसळला. बाक करकरला. अध्यक्षांनी त्याच्या केसांकडं बघितलं, कराराची व्याख्या विचारली. ज्ञानूनं सांगितली. घोकलेली नव्हती, गिरणीतला दाखला देऊन सांगितली. अध्यक्षांनी खूण केली.

दहा.

"कोट?" अंजनानं मान न वळवता विचारलं.

"चावडीत नेऊन टांगला. म्हनलं, गावाचा हाय, गावानं संबाळा, नापास झालोय. दोगं हसलं. पाटील रागावला. बाकीच्यांनी इचारलं, मंग परत कदी बसनार?"

"आणि आई?"

"म्हनली, धुवायचा तरास वाचला."

समिती उठली. वर्ग राहिला, पुढच्या तपासणीपर्यंत तरी. आनंदरावांना गहिवर आला. त्यांनी टोपलीवरचं फडकं ओढलं आणि झेंडूचा भला मोठा हार दोन्ही हातांत धरून थेट तिसऱ्या वर्षाच्या बाकांकडं निघाले. "या, या! आमच्या तालुक्याचे भावी—"

"बाई," ज्ञानू हळूच म्हणाला, "पळा."

ती आधीच उठली होती. दोघं मागच्या दारानं बाहेर पडले, व्हरांड्याला वळसा घातला आणि आजचा तास होता त्या पुढच्या खोलीत जाऊन पहिल्या बाकावर बसले, गुडघे आखडून. पुण्याचे वकील फळ्यावर तारीख घालत होते. मागून हार घेतलेल्या आनंदरावांच्या चपलांचा आवाज येत होता, ह्या दारात, त्या दारात.

"दार लावून घ्या कुणीतरी," वकील म्हणाले.

अंजना उठली आणि तिनं कडी घातली.